नाशिक आमच्याकडे राहायला आलं

आमचं मखमलाबाद पूर्वी नाशिकपासून पाचेक किलोमीटरवर होतं. आता ते नाशिकात आहे. गाव जागचं तसूभर हललेलं नाही. पाहुणं आलेलं नाशिकच पथारी सरकवत सरकवत आमच्या ओसरीवर आलं आणि एके दिवशी आम्हालाच विचारायला लागलं, "आपण कुठले?"

कागदोपत्री हा प्रकार ७ नोव्हेंबर १९८२ रोजी घडला. नाशिक, नाशिकरोड, सातपूर अशा पालिका आणि म्हसरूळ, आडगाव, आनंदवली, पाथर्डी, अंबड वगैरे आजूबाजूची वीसेक गावं एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. रात्री आम्ही ग्रामस्थ म्हणून झोपलो आणि सकाळी नागरिक म्हणून उठलो. गोठ्यातल्या म्हशीला हा फरक कळला नाही. तिनं नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच जागी, महानगराच्या हद्दीत शेण टाकलं.

ग्रामपंचायत गेली, पण महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला १९९२ साल उजाडलं. म्हणजे दहा वर्षं गावाला ना सरपंच, ना नगरसेवक. कारभार प्रशासकाकडे, आणि प्रशासकाला गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे जे शेवटचे सरपंच होते त्यांना पाडायची सोयच उरली नाही. माणसं त्यांना 'सरपंच' म्हणत राहिली, मग त्यांच्या मुलाला म्हणू लागली, आणि आता त्यांचा नातू इंजिनियर होऊन हिंजवडीत नोकरीला आहे, त्यालाही गावात कुणी नावानं हाक मारत नाही. लोकशाही काढून घेतली की घराणेशाही कशी आपोआप उगवते, यावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर आमचं गावठाण मोकळं आहे.

बाकी नागरिक होऊन चाळीस वर्षं झाली तरी गावातला माणूस अजून "नाशिकला जाऊन येतो" असंच सांगून निघतो. घरपट्टी नाशिकची भरतो, नळाला पाणी नाशिकचं, बससुद्धा महापालिकेची सिटीलिंक. पण पायात चपला घालताना म्हणणार, "नाशिकला काही आणायचंय का?" मी पुण्याहून येतो तेव्हा माझ्या चुलत्यांना, म्हणजे नानांना, हटकून विचारतो, "नाना, तुम्ही नाशिकातच तर आहात." नाना शांतपणे म्हणतात, "मी इथंच आहे. नाशिक येऊ राह्यलंय, त्याला काय करू?"

खरा बदल पाहायचा तर जमिनीच्या मापाकडे पाहावं. आजोबा एकरात बोलायचे. त्यांच्याजवळ बऱ्यापैकी एकर होते आणि ते व्यवस्थित गरीब होते. पुढच्या पिढीत गुंठे आले. एकराचे चाळीस गुंठे होतात हे शाळेत कधी लक्षात राहिलं नाही, पण एजंट दारात आला तेव्हा निरक्षर म्हातारीलाही तोंडपाठ होतं. आता चौरस फूट आले आहेत. गुंठ्याचे १०८९. जमीन तीच, माती तीच, बांधावरून भांडणारे चुलतभाऊही तेच, पण माप जसजसं बारीक होत गेलं तसतशी माणसं गबर होत गेली. पूर्वी भाऊबंदकीत बांध हातभर सरकला तर शिवीगाळ व्हायची आणि दिवस मावळला की मिटायची. आता तेवढ्याच हातभरात चारचाकी बसते, त्यामुळे प्रकरण कोर्टात जातं.

मध्यंतरी स्मार्ट सिटीवाल्यांनी मखमलाबाद आणि हनुमानवाडीच्या शिवारातली सुमारे सातशे एकर जमीन घेऊन तिथं आखीव 'हरित क्षेत्र' वसवायचं ठरवलं होतं. तिथं आधीपासून द्राक्षं आणि भाजीपाला उभा होता, हे हरित क्षेत्राच्या आड येत होतं. शेतकऱ्यांनी विरोध केला, सभा झाल्या, मोजणीवाले आले नि गेले. नानांनी एका सभेत उभं राहून एवढंच विचारलं, "अजून किती हिरवं पाहिजे?" टाळ्या पडल्या. नानांना वाटलं होतं उत्तर मिळेल.

आमच्या बालपणाचं मुख्य ठिकाण म्हणजे पाट. गंगापूर धरणाचा डावा कालवा गावाच्या अंगानं जातो. कालवा हा शब्द सरकारी पाटीवर असतो, गावात तो पाट, आणि त्याच्यावर सायकलनं गस्त घालणारा तो पाटकरी. आवर्तन सुटलं की शाळेची हजेरी घटायची. मास्तर कारण विचारत नसत, केस ओले आहेत का ते बघत. पोहायला शिकायची रीत एकच. रिकामा डालड्याचा डबा पाठीला बांधायचा आणि मोठ्या भावानं मागून ढकलायचं. डबा बुडाला तर डबा गेला म्हणून मार, आणि डबा सुटून आपण तरंगलो तर पोहणं आलं.

पाटकऱ्याचा कायदा सोपा होता. तो ओरडायचा नाही, धरायचा नाही. काठावर काढून ठेवलेले सगळ्यांचे कपडे गोळा करून सायकलच्या कॅरियरला बांधायचा आणि सावकाश गावाकडे निघायचा. मागं आम्ही सातआठ जण, एरंडाची पानं धरून. एरंडाचं पान मोठं असतं, पण वारा सुटला की त्याचं मन आपल्या बाजूला राहत नाही. पारावर कपड्यांचा लिलाव व्हायचा. प्रत्येकाच्या आईला आपल्या पोराची चड्डी ओळखून न्यावी लागे, आणि ओळख पटवताना चड्डीचा पूर्वेतिहास चारचौघांत निघे. आमच्यापैकी एकजण पुढे वकील झाला. त्याच्या बोलण्यात अजून मधूनमधून 'मुद्देमाल' हा शब्द फार भावनेनं येतो.

आता माझा पुतण्या जलतरण तलावात पोहायला शिकला आहे. टोपी, चष्मा, महिन्याची फी आणि शेवटी सर्टिफिकेट. त्याला मी पाटावर नेलं. तो काठावर उभा राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, खोली कुठं लिहिलीये?"

द्राक्षांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात द्राक्षं ओझरच्या बाजूला १९२५च्या सुमारास लागली असं सांगतात. आमच्या लहानपणी जुन्या प्लॉटांत अजून बियांची द्राक्षं होती, भोकरी आणि सिलेक्शन सेव्हन. मोठ्यांना ती चवीला आवडत, आम्हाला बियांसाठी. ओट्यावर रांगेत बसून बी फुंकायची, ज्याची बी गोठ्यातल्या म्हशीला लागेल तो जिंकला. या खेळात आमची धाकटी आत्या अजिंक्य होती. लग्नाला पाहायला आलेल्या मंडळींसमोर तिचे गुण सांगताना हा एक गुण सर्वानुमते वगळला होता. मग थॉमसन सीडलेस आली. बागायतदारांच्या हाती पैसा आला, माल युरोपात जाऊ लागला, माझा चुलतभाऊ बाळ्या रॉटरडॅमचा उच्चार पिंपळगावसारखा सहज करू लागला. जिल्ह्याची भरभराट झाली यात वाद नाही. पण एका आख्ख्या क्रीडाप्रकाराचा अंत झाला, त्याची नोंद कृषी खात्यानं घेतलेली नाही.

नाना ढग बघून सांगायचे, द्राक्षांवर उद्या डावणी रोग येणार. बाळ्या मोबाइल बघून सांगतो. दोघंही फवारणी आटोपून घरी येतात आणि पाऊस मग दोघांनाही न विचारता येतो. तंत्रज्ञानानं एवढा मात्र फरक पडला की पूर्वी शिव्या देवाला जायच्या, आता त्या ॲपला जातात. देवाला थोडी उसंत मिळाली.

धरणाच्या बाजूला सावरगावकडे सुला वाइनरी आहे. १९९९ साली सुरू झाली. तिथं हंगामात मुंबईची माणसं पैसे भरून पिंपात उतरतात आणि पायानं द्राक्षं तुडवतात. गाणी म्हणतात, फोटो काढतात. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण आमच्या घरात द्राक्षाच्या पाटीला चुकून पाय लागला तर आधी पाटीला नमस्कार आणि मग पाठीत धपाटा, असा शिरस्ता होता. नाना बराच वेळ विचार करून म्हणाले, "पैसे कोण कोणाला देतं?" मी सांगितलं, तुडवणारा देतो. "मंग ठीक आहे," नाना म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "पाय धुतात का?"

दूरदर्शनचा काळही सांगायला हवा. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा गावात टीव्ही मोजकेच, आणि आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, दर रविवारी सरपंचांच्या माडीवर पहिल्या रांगेत. अयोध्या, मिथिला सगळं त्यांना मान्य होतं. भानगड झाली ती रामाची स्वारी पंचवटीत आल्यावर. आप्पा दर बुधवारी गंगेवरच्या बाजारात भाजी घेऊन बसायचे. (गोदावरीला नाशिकात गंगाच म्हणतात, काशीवाल्यांनी रागावू नये.) पंचवटी म्हणजे त्यांच्या नेहमीच्या वहिवाटीची जागा. पडद्यावर पर्णकुटी दिसताच आप्पा उठून उभे राहिले. "ही पंचवटी नाही." सगळ्यांनी बसायला सांगितलं. "अरे, काळाराम मंदिर कुठाय? सीतागुंफेकडं उतरायची वाट कुठाय? निमाणी कुठाय?" कुणीतरी म्हणालं, आप्पा, त्या काळात निमाणीचा स्टँड नव्हता. आप्पा म्हणाले, "स्टँड नसेल, चढ तर असेल?" ती मालिका गुजरातेत उंबरगावला चित्रित होत होती हे पुढे पेपरात आलं. आप्पांनी ते कात्रण सांभाळून ठेवलं होतं. शूर्पणखेच्या प्रसंगाला मात्र ते समाधानी होते. गावातल्या घटनेचं निदान नाव तरी झालं, असं त्यांचं मत.

जुन्या खुणा गेल्या हे दुःख सगळे करतात. आमच्याकडे त्या गेल्या, पण पत्त्यातून गेल्या नाहीत. गावठाणाच्या तोंडाशी एक मोठी चिंच होती, रस्ता रुंद करताना ती तोडली. नाना अजून फोनवर सांगतात, "चिंचेखाली ये." पार्सलवाला पोरगा चिंच शोधत म्हसरूळपर्यंत जाऊन येतो. शेवटी पुतण्यानं वैतागून मोबाइलच्या नकाशावर त्या जागी 'जुनी चिंच' अशी खूण टाकून दिली. झालं, सगळ्यांची सोय झाली. आता त्या नसलेल्या झाडाला लोकांनी तारेही दिले आहेत. एकानं लिहिलंय, 'शांत परिसर, पार्किंगची सोय उत्तम.' दुसऱ्यानं लिहिलंय, 'झाड दिसलं नाही.' त्याला खाली चौघांनी झाडलंय.

गावाशी एकनिष्ठ राहिला तो बिबट्या. लहानपणी आम्ही झोपत नसलो की आजी त्याचं नाव घ्यायची, आणि तो खरोखर कुत्रं उचलून न्यायचाही. पुढे शहर वाढलं, ऊस-द्राक्षांच्या आडोशानं तो शहराबरोबर आत आला. २०१९च्या जानेवारीत तर गंगापूर रोडच्या सावरकरनगरात भर वस्तीत फिरला, टीव्हीवर दिसला. आता त्याची चित्रफीत रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर येते आणि मग सगळी सोसायटी जागी राहते. आजीचं तंत्र याच्या नेमकं उलट होतं.

पण हे सगळं मी ज्यासाठी सांगतोय ती गोष्ट बाळ्याच्या मिसळीची आहे. नाशिककर रविवारी सकाळी मिसळ खायला मळ्यात जातो, हे आता सर्वश्रुत आहे. मटकी, शेव, कांदा, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर दही, बाजूला पापड, शेवटी जिलबी. एवढं खाऊन माणूस झाडाखालच्या खाटेवर आडवा होतो आणि म्हणतो, "खरं आयुष्य गावातच." बाळ्यानं हे वाक्य दुसऱ्यांच्या मळ्यात पुष्कळदा ऐकलं आणि द्राक्षाचा एक प्लॉट मोडून स्वतःची मिसळ काढली. नाव सांगत नाही, पण त्यात गाव, मळा आणि चूल हे तिन्ही शब्द आहेत. गॅसचं कनेक्शन मागच्या बाजूला आहे.

तिथं पहिल्यांदा गेलो आणि थबकलो. माझं सगळं बालपण तिथं मांडून ठेवलं होतं. कंदील, जातं, उखळ, मोटेचं चाक, पत्र्याची ट्रंक, भिंतीवर शेणाच्या रंगाचा रंग. विहिरीच्या काठावर घागर घेतलेली फायबरची बाई. आणि मधोमध, औताला जुंपलेली फायबरची बैलजोडी. ज्या बाळ्यानं लहानपणी बैलाला वैरण टाकायला लागू नये म्हणून पोटात दुखल्याची सोंगं केली, त्यानं बैल विकत घेतले होते, आणि तेही न खाणारे. खरी गंमत अशी की त्याच बाळ्याच्या गावातल्या घरात आता पांढऱ्या फरश्या, मॉड्युलर किचन आणि वरून गार वारा. तिथं एक कंदील औषधालाही सापडत नाही. मला गाव पाहायचं असेल तर मी घरी न जाता मिसळीला जावं, अशी व्यवस्था झालेली आहे.

एका रविवारी नानांना तिथं नेलं. दशक्रियेहून परस्पर आले होते म्हणून धोतर, टोपी, हातात काठी. आत शिरताच ते एका तांब्याच्या घंगाळासमोर थांबले. त्यात पाणी सोडून गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. नानांनी पाकळ्या बाजूला सारल्या, वाकून काठावर बोट फिरवलं. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं. आजीचं, आणि पुढे लग्नाचं साल. हे घंगाळ ऐंशीच्या दशकात काकूंनी मोडीत काढून त्यातून स्टीलच्या डब्यांचा अख्खा संच घेतला होता. शेजारणी बघायला येऊन गेल्या होत्या, एवढा तो सौदा गाजला होता. बाळ्यानं तेच घंगाळ नाव न वाचता नाशिकच्या जुन्या बाजारातून, चांगली रक्कम मोजून, गावाकडचा टच म्हणून उचललं होतं.

नाना हात काढीनात. तेवढ्यात वेटर पोरगा धावत आला. "बाबा, हात नका लावू, अँटिक आहे." नानांना वाटलं तो बाजूच्या गिऱ्हाइकाला त्यांच्याबद्दल सांगतोय. ते म्हणाले, "लावू दे रे, काय होत नाही."

आणि गिऱ्हाइकांनी लावलाच. ठाण्याच्या एका कुटुंबानं विचारलं, "आजोबा, एक फोटो?" त्यांचं झालं की दुसऱ्यांचा. नाना खाटेवर बसले, काठी टेकली, मागे फायबरचे बैल. तासाभरात रांग लागली. बाळ्या गल्ल्यावरून बघत होता. त्याच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती, द्राक्षाला शंभराचा भाव फुटला तेव्हा.

आता नाना दर रविवारी नऊ ते बारा बसतात. अटी त्यांनीच घातल्या. फेटा बांधणार नाही, खाजतो. मिसळ फुकट, पण तर्री नको, डॉक्टरनं सांगितलंय. एरवी आठवडाभर ते ट्रॅकपँट घालून जॉगिंग ट्रॅकवर चालतात. शनिवारी रात्री धोतर इस्त्रीला जातं. अडचण एकच आली. गिऱ्हाईक भारावून विचारतं, "आजोबा, पूर्वी किती मजा होती नाही?" आणि नाना प्रामाणिकपणे सांगतात, "कसली मजा? पहाटं चारला मोट धरायची. दुष्काळात मिलो खाल्ला. नारू झालता पायाला." खाणाऱ्याचा घास अडतो. बाळ्यानं दोन रविवार खपून त्यांना 'हो ना' एवढंच म्हणायला शिकवलं. नाना म्हणतात, पण असं म्हणतात की ऐकणाऱ्याला नारू दिसावा.

गेल्या पोळ्याला नाना अडून बसले. बारा महिने औताला उभे आहेत, त्यांचा पोळा झाला पाहिजे. बाळ्यानं समजावलं, नाना, ते फायबर आहे. नाना म्हणाले, "मीपण इथं बसूनच असतो, मला पगार देतोस ना?" मग आदल्या दिवशी रीतसर खांदेमळणी झाली, तूप-हळद चोळली. शिंगांना हिंगूळ लावला. एक शिंग कुणाच्या तरी सेल्फीत मोडलं होतं, त्याला कागदाचं बसवलं. झूल आली, गळ्यात घुंगरमाळा आल्या, आरती झाली. पुरणपोळी तोंडाजवळ धरून काकू बराच वेळ उभ्या होत्या. मग ती पुतण्यानं खाल्ली.

पुढच्या रविवारी एक बाई तणतणत गल्ल्यावर आल्या. त्यांच्या मुलाला बैलावर बसवून फोटो काढला होता आणि त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर मागं हळदीचे पिवळेधमक डाग. "तुमच्या बैलाचा रंग जातो," बाई म्हणाल्या. बाळ्या माफी मागणार एवढ्यात खाटेवरून नाना बोलले, "नवा आहे बाई. दोन पोळे गेले की पक्का होईल."